तीन आवाजांत चौघं

मशीनचा आकार पावाचा, रंग जुन्या दातांचा.
कॅम्पातल्या एका मेजरच्या पोरानं
बापाची बदली जोरहाटला झाली तेव्हा
साडेसातशेला विकलं मला.
त्या वेळी मी त्यावर विमानं पाडली.
आता चौपन्न वर्षांचा आहे,
उद्यमबागेत मोटारी रिवाइंड करतो
आणि रात्री शटर अर्धं ओढून
त्याच मशीनवर भट्टी पेटवतो.

भट्टी म्हणजे आमचा बँड.
नाव इराण्णानं दिलं. फाउंड्रीत मोल्डिंगला होता,
हेवी मेटल म्हणजे काय
ते त्याला सांगावं लागलं नाही.
ड्रमवर तो. बेसवर अन्सेल्म.
गिटार माझी, एक खुंटी पकडीनं फिरवायची.
आणि गळा भरमाचा.
गाणी इंग्रजीत होती,
निदान आमची तशी समजूत होती.

उरली एकच कॅसेट.
चार मिनिटं अकरा सेकंदांवर लाईट गेली.
जाता जाता टेप मंदावली,
म्हणून ऐकताना उलट सगळं वर पळतं,
ड्रम, गिटार, भरमा,
चिमणीएवढे होतात, आणि नाहीत.

चिप म्हणजे अठ्ठावीस पायांची काळी घोण.
तिला आवाज तीन.
आम्ही चौघं.

गिटारचे तीन सूर एका आवाजात मावत नाहीत.
मग तो एकच आवाज
सेकंदाला पन्नास वेळा
या सुरावरून त्या सुरावर पळवायचा.
कानाला वाटतं, एकत्र वाजतायत.
माझी बायको सिव्हिलच्या काउंटरवर अशीच बोलते:
नंबर कन्नडात, धीर मराठीत, ओरडा हिंदीत,
मधला श्वास कुणाला दिसत नाही.

बेस सोपा. चौकोनी लाट घ्यायची,
अरुंद करत न्यायची,
अन्सेल्मचं वाढलेलं नख ऐकू येईपर्यंत.
ड्रमला नुसती खरखर,
तापल्या वाळूवर पाणी पडल्याची.
तिला जागच्या जागी मारायचं, शेपूट ठेवायचं नाही.

इराण्णाला फोनवर ऐकवलं.
तो आता गोकाकला, लेकीकडं.
बराच वेळ गप्प. मग म्हणाला,
स्वल्प मुंद ऐती.
जरा पुढं पळतंय.
म्हटलं, अरे, कॅसेटवर तूच पुढं पळतोयस.
हां, म्हणाला, मग बरोबर आहे.

राहिला भरमा.
चिपमध्ये एक खोट आहे, कारखान्यातूनच आलेली:
आवाज कमी-जास्त केला की ती टक् करते.
हजारो वेळा टकटकवली एका सेकंदात
तर त्या टकटकीतून माणूस बोलतो,
सोळा पायऱ्यांचा, जाडाभरडा.
पुढच्या मॉडेलात ती खोट काढली म्हणे.
माझ्याकडं आधीचं आहे.

भरमा म्हणाला, मला काय आठवत नाही बघ ते.
एपीएमसीत बटाट्याचे लिलाव पुकारतो तो.
शनिवारी गेलो, खिशात रेकॉर्डर चालू.
पोत्यांच्या थप्पीवर उभा, गळ्यात टॉवेल,
एकवीसशे, एकवीसशे पन्नास, बावीस, बावीस,
आणि मला बघून, त्याच दमात,
काय करूलास बे हितं?

तेवढंच घेतलं.
आता कडव्यात जिथं इंग्रजी होतं
तिथं भट्टीचं दार उघडल्यासारखं
ते वाक्य येतं,
आणि खरं सांगतो, जास्त चांगलं बसतं.

चार मिनिटं अकरा सेकंदांच्या पुढं
काय होतं ते मला पाठ आहे.
अजून एक कडवं, मग इराण्णाचा हट्टाचा तुकडा.
बसवता आलं असतं.
मी तिघांचे सूर वर पळवले,
चिमणीएवढे केले, सोडून दिले.
भरमाचा तेवढा आहे तसा ठेवला,
त्याची लाईट गेलेली नाही.
बाकी सगळं थांबल्यावर
रिकाम्या दुकानात तो आणखी दोनदा विचारतो.
मग मी कॅसेट मागं घेतो.